चौदाचा भाव

विलास शेडग्यांनी आयुष्यात पत्त्यांना हात लावला नव्हता. लॉटरीचं तिकीट घेतलं नव्हतं. गणपतीच्या दिवसांत मंडपामागे सतरंजी पसरून जे चालतं तिकडे ते फिरकत नसत, आणि क्रिकेटवर चहाची पैज मारणाऱ्यालाही रिकामटेकडा म्हणत. अशा माणसाला टेनिसच्या कोर्टावर पाऊल टाकायची बंदी झाली, आणि तीही सट्टा लावला म्हणून. नेरूळच्या त्यांच्या सोसायटीत हे कळलं तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या सुमित्राबाई म्हणाल्या, “कोण, आपले शेडगे? मग उद्या मी हातभट्टी लावली म्हणून ऐकाल.”

जिन्यातले बाकीचे हसले. हसण्यासारखंच होतं ते. शेडग्यांच्या तिसऱ्या मजल्यावर मात्र त्या वर्षी कोणी हसत नव्हतं.

विलासराव कराडकडचे. वाशीच्या फळबाजारात हौसेराव नावाच्या आडत्याच्या गाळ्यावर हिशेबाला मेहताजी म्हणून लागले आणि तिथेच त्यांचे केस पांढरे झाले. शेतकऱ्याचा माल उतरवून घ्यायचा, गिऱ्हाइकाला विकायचा, त्याच्या हिशेबाची पट्टी करून शेतकऱ्याला पाठवायची. बाजारात सौदा तोंडाने होत नसे. घेणारा आणि विकणारा हात मिळवत, वर रुमाल टाकत आणि रुमालाखाली बोटं धरून भाव बोलत. आधी धरली ती बोटं दहांची, सोडून पुन्हा धरली ती एकांची. एक बोट आणि मग चार बोटं, म्हणजे चौदा. शेजारी उभ्या माणसालाही आतलं काही कळत नसे. आता हे सगळं बंद झालं म्हणतात. म्हणोत बापडे.

हा खेळ त्यांनी आपल्या एकुलत्या एका मुलीला, प्राचीला, ती शाळेत जायच्याही आधी शिकवला होता. जेवताना नॅपकिनखाली बापलेकीचे हात जात आणि आणखी किती लाडू हवेत ते ठरे. अरुणाताई ओरडत, “जेवताना कसले सौदे? सरळ तोंडाने मागा की.” पण तोंडाने मागितलं तर एकच मिळे, हे दोघांना माहीत होतं.

हौसेरावांची आणखी एक रीत होती. एखाद्याचा माल उतरला आणि सकाळी पहिलाच सौदा पडेल भावात झाला, तर त्या मालाचं दिवसभर काही खरं नसतं. जो येतो तो नाक मुरडतो. म्हणून हौसेराव आपल्याच माणसाकडून चार पेट्या चांगल्या भावाने उचलून घेत. आपलाच माल, आपणच गिऱ्हाईक. मग बाकीचे बघत आणि पुढे येत. “मालाची अब्रू राखायची आसती, विलास,” ते म्हणत. “फळ तेच आसतंय. पन भाव पडला की लोक त्याला नासकं समजत्यात.” स्पष्ट बोलायचं तर ही लबाडीच. पण विलासरावांनी ती इतक्या वर्षांत इतक्या वेळा केली होती, आणि त्यात इतक्या गरीब शेतकऱ्यांचं भलं होताना पाहिलं होतं, की तिला ते माणुसकीच समजत.

प्राची टेनिसकडे वळली ती शाळेच्या सुट्टीतल्या शिबिरामुळे. तिथल्या प्रसाद सरांनी अरुणाताईंना गाठून सांगितलं, पोरीचा हात चांगला आहे, सोडू नका. नाही सोडला. अरुणाताईंची शाळेच्या ऑफिसातली नोकरी आणि विलासरावांचा गाळा, दोन्ही त्या हातामागे लागले. विशीत प्राची व्यावसायिक खेळाडू झाली.

व्यावसायिक म्हटलं की लोकांना टीव्हीवरचं टेनिस आठवतं. पांढरे कपडे, टाळ्या, स्ट्रॉबेऱ्या. त्याच्या खाली कितीतरी पायऱ्या आहेत, आणि अगदी खालच्या पायरीवर जगभरच्या शेकडो मुली दाटीवाटीने उभ्या असतात. तिथे बॉल उचलायलाही कधी कोणी नसतं, आपला आपण उचलायचा. प्रेक्षक म्हणजे समोरचीचा कोच, कोणाची तरी आई आणि सावलीला आलेलं कुत्रं. प्राची सोलापूर, बेंगळुरू, गुरुग्राम अशी फिरे. पहिल्या फेरीत हरे, कधी दुसरीत. सुट्टी मिळाली की विलासराव बरोबर जात. खेळाडूच्या सोबतचा माणूस म्हणून त्यांना गळ्यात अडकवायचं कार्ड मिळे, फोटोसकट. कार्ड देताना फोनवर नियमांची लांबलचक पानं येत, खाली ‘मान्य’ असं लिहिलेलं असे. ते दाबून मोकळे होत. प्राचीने एकदा बजावलं होतं, “पप्पा, आपल्यापैकी कोणी बेटिंग करायचं नाही. घरच्यांनी पण नाही. कळलं ना?”

“मी कशाला करतोय?” ते म्हणाले होते. आणि ते मनापासून म्हणाले होते.

सोलापूरला पहिल्याच फेरीत हरून प्राची घरी आली त्या संध्याकाळची गोष्ट. जेवताना तिने फोन ताटाशेजारी ठेवला.

“पप्पा, माझा भाव माहितेय काय होता? चौदा.”

“कसला भाव?”

तिने सांगितलं. परदेशात एक बाजार आहे, फोनवरच चालतो. निवडणूक कोण जिंकणार, पाऊस पडणार का, कशावरही लोक पैसे लावतात. यांच्या मॅचवरसुद्धा. त्या वेळचा भाव देऊन एखादीचा हिस्सा घ्यायचा, ती जिंकली तर त्याचे शंभर होतात, हरली तर शून्य. मॅचच्या आधी जो भाव असतो, तेवढा जगाचा तुमच्यावर भरवसा. “मला क्षिप्राने दाखवलं,” ती म्हणाली. क्षिप्रा म्हणजे तिची डबल्समधली जोडीदार. “समोरचीचा शहाऐंशी, माझा चौदा. मी कोर्टवर जायच्या आधीच सगळ्यांना माहीत होतं. तुमच्या मार्केटमध्ये चौदाला काय म्हणतात हो?”

विलासरावांच्या तोंडात घास होता. विचार न करता ते म्हणाले, “संध्याकाळचा माल.”

संध्याकाळी गाळ्यावर जे उरतं, मऊ पडलेलं, डागाळलेलं, ते ज्यूसवाले ढिगाने उचलून नेतात. प्राचीला ते ठाऊक होतं, लहानपणापासून बघत आलेली. ती हसली. पण भाकरी अर्धी ठेवून उठली. अरुणाताईंनी नवऱ्याकडे असं बघितलं की त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

त्यानंतर घरात त्या वाक्याने मुक्कामच ठोकला. प्रॅक्टिसला निघताना प्राची म्हणे, “चला, ज्यूसवाला वाट बघत असेल.” प्रसाद सर म्हणाले, पोरगी हात आखडायला लागली आहे, मारायच्या जागी नुसती ढकलते आहे. तिच्यावर पैसे लावून हरलेले लोक तिच्या फोनवर घाण लिहीत. ते ती आईला दाखवत नसे. चौदाचं मात्र सारखं बोले, हसत हसत, आणि ते हसणं विलासरावांना टोचे.

बाप म्हणून माफी मागायची, एवढी साधी गोष्ट होती. ती त्यांना सुचली नाही. त्यांना बाजार सुचला.

हौसेरावांचा मुलगा रणजीत इंजिनिअर होऊन गाळ्यावर बसत होता आणि दिवसभर फोनमध्ये असलेच बाजार बघत होता. विलासराव त्याच्याजवळ गेले. “रणजीत, ते टेनिसचं दाखव जरा.”

“काका, तुमी?” रणजीत खुर्चीत सरळ बसला. “तुमी तर आमच्या मटक्यावर भाषण देता.”

“मला खेळायचं नाही. भाव बघायचाय.”

रणजीतचं खातं दुबईतल्या मित्राच्या नावाने होतं, इथून सरळ चालत नसे म्हणून. त्याने प्राचीची बेंगळुरूची मॅच उघडून दिली. विलासरावांनी चष्मा वर केला, खाली केला आणि क्षणात जे ओळखलं ते रणजीतला दोन वर्षांत दिसलं नव्हतं. गिऱ्हाईकच नव्हतं तिथे. एवढा जगभरचा बाजार म्हणे, पण या पोरींच्या मॅचला चार माणसं घेणारी आणि तीन विकणारी. अशा बाजारात भाव म्हणजे जगाचं मत कुठलं? एकाने हात पुढे केला की भाव हलणार.

“किती घेतले की चढेल?” त्यांनी विचारलं.

“चढंल की लगेच. पन काका, ती पोरगी तिसऱ्या नंबरची सीड आहे समोरची. पैसे जानार.”

“जाऊ देत. क्लासची फी भरली समज.”

घेतलं. सोळाचा भाव बघता बघता तेहतीस झाला. विलासरावांना हायसं वाटलं, पडेल भावात गेलेल्या पेट्या परत फिरवून आणल्यासारखं. सट्टा खेळणारा माणूस जिंकायला खेळतो, त्यांना तर एक रुपया परत नको होता. मग हा सट्टा कसा? त्यांच्या हिशेबी त्यांनी मुलीने घातलेली बंदी मोडलीच नव्हती. शिकलेली माणसंसुद्धा आपल्या सोयीचं असलं की असाच विचार करतात, तेव्हा एकट्या विलासरावांना हसण्यात अर्थ नाही.

दुपारी फोन आला. मागे कोर्टावरचे आवाज होते.

“पप्पा, आज माझा तेहतीस होता.” प्राचीचा श्वास लागला होता. “आणि जिंकले मी. तीन सेटमध्ये.”

प्रसाद सरांच्या मते सर्व्हिसला बॉल टाकायची तिची जागा सुधारली होती. असेलही. विलासरावांनी मात्र श्रेय कोणाला द्यायचं ते मनातल्या मनात ठरवून टाकलं, आणि तिथून त्यांचा पाय घसरला.

मग प्रत्येक मॅचच्या आधी ते रणजीतशेजारी जाऊन बसू लागले. प्राचीचा भाव तिशीच्या खाली त्यांनी राहू दिला नाही. ती हरे तेव्हा पैसे जात, जिंके तेव्हा आलेले पुढच्या मॅचला लागत. ती बऱ्यापैकी जिंकायलाही लागली होती. गुरुग्रामला चक्क उपांत्यपूर्व फेरी. घरी आली की क्षिप्राशी फोनवर तासन्‌तास बोले, आणि विलासराव पेपर तोंडासमोर धरून ऐकत.

“भाव चढवतोय तो आशिक आहे तुझा कोणीतरी,” क्षिप्राचा आवाज स्पीकरवरून येई. “पोर्तुगालचा वगैरे. हिरवे डोळे.”

“गप गं. म्हातारा असणार तो. कुठेतरी कोच असेल, रिटायर झालेला. मॅचचं शूटिंग बघतो आणि त्याला माझा बॅकहँड दिसतो.” प्राची थांबे. “मला ना आता सर्व्ह करताना वाटतं, तो बघतोय. त्याला दाखवायचंय.”

त्यांनी तिथेच पेपर खाली ठेवायला हवा होता. नाही ठेवला. उलट पेपराआड त्यांना हसू आलं.

“एकटेच काय हसताय?” अरुणाताईंनी विचारलं.

“काही नाही. बातमी आहे.”

भाव चढला की मागून गिऱ्हाईक येतं, हे त्यांना माहीत होतं. इथेही आलं. कोणाला तरी आतलं काही कळलेलं दिसतंय, असं समजून परदेशातले अनोळखी लोक प्राचीवर पैसे लावायला लागले. बाजारात पेटी खराब निघाली तर गिऱ्हाईक आडत्याला शिव्या घालतं. इथे ते थेट फळाला शिव्या घालत होते. प्राचीच्या फोनवरची घाण दुपटीने वाढली. एकाने लिहिलं, तू नेरूळला राहतेस, मला ठाऊक आहे. तो मेसेज अरुणाताईंच्या हाती लागला आणि त्या आठवडाभर मुलीला बसस्टॉपपर्यंत सोडायला जात राहिल्या. विलासरावांनी दाराला नवी कडी बसवली. ही कडी आपणच आणलेल्या माणसांसाठी बसवतोय, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही.

मग ईमेल आला. टेनिसमधल्या गैरप्रकारांवर लक्ष ठेवणारी परदेशात एक संस्था असते, तिचा. प्राचीशी बोलायचं होतं, फोन तपासायचा होता. ठरलेल्या दिवशी ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली. विलासराव स्वयंपाकघरात ओट्याशी उभे राहिले. इंग्रजी त्यांना समजत होतं, नको तेवढं.

पलीकडे एक बाई आणि एक बुवा होते, दोघंही अगदी सभ्य. दुबईचं एक खातं आहे, ते म्हणाले. तुमच्या प्रत्येक मॅचच्या आधी तुमच्या बाजूने खरेदी करतं, दुसऱ्या कोणाच्या मॅचला हात लावत नाही. गुरुग्रामला तुमच्या समोरच्या मुलीचं मनगट दुखावलेलं होतं. ते तुम्ही कोणाला आधी सांगितलंत का? या माणसाला ओळखता का?

“नाही,” प्राची म्हणाली.

घरचं कोणी?

प्राची हसली. “माझे वडील फळबाजारात कामाला आहेत. ते पत्तेसुद्धा खेळत नाहीत.”

ओट्यावर कुकरची शिट्टी झाली. अरुणाताईंनी गॅस बारीक केला आणि नवऱ्याकडे पाहिलं. नवरा भिंतीकडे बघत होता.

तो माणूस कोण ते कळेपर्यंत तुम्हाला कुठल्याही स्पर्धेत खेळता येणार नाही, असं सांगून त्यांनी कॉल संपवला. प्राचीने लॅपटॉप मिटला. तिने रडावं, चिडावं, असं अरुणाताईंना वाटत होतं. पण तिचा चेहरा वेगळाच झाला होता.

“आई, म्हणजे तो खरंच आहे. मला वाटायचं दहा-बारा लोक असतील, मिळून भाव वर नेत असतील. तर एकच माणूस आहे. फक्त माझ्यावर लावतो. बाकी जगात कोणावर नाही.”

दुसऱ्या दिवशी विलासराव हौसेरावांसमोर जाऊन उभे राहिले. हौसेरावांनी सगळं ऐकून घेतलं, रणजीतला दोन शिव्या घातल्या आणि मग आवाज खाली आणला.

“आरं, खातं तुझ्या नावावर हाय का? न्हाय. मग तोंड मिटून बस. धा दिस हुडकतील आन्‌ देतील सोडून.”

“तोवर पोरीचं खेळणं बंद आहे, शेठ.”

“आन्‌ तू बोललास मंजी? तिचा बापच निघाला तर तिला मोकळी करतील? उलटी आडकंल की ती.”

हे खरं असू शकत होतं. विलासराव दोन दिवस तेच घोळवत राहिले. खरी भीती मात्र वेगळीच होती, आणि ती ते स्वतःशीही बोलत नव्हते. परदेशातल्या लोकांना सांगणं सोपं होतं. त्या म्हाताऱ्या कोचची वाट बघत बसलेल्या मुलीला सांगायचं होतं.

रविवारी सकाळी प्राची बाल्कनीत रॅकेटच्या मुठीवर नवी टेप गुंडाळत बसली होती. खेळायचं नव्हतं तरी गुंडाळत होती. विलासराव दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले.

“तो दुबईचा माणूस नाही, प्राची.”

“मग कुठला?”

“खातं दुबईचं आहे. माणूस मी आहे.”

तिचे हात थांबले नाहीत. टेपचे दोन वेढे तिने नीट बसवले.

“प्रत्येक वेळी?”

“हो.”

“बेंगळुरूला?”

“तिथूनच सुरू झालं.”

“आणि गुरुग्रामला? चाळीस झाला होता तेव्हा?”

“तेव्हा जरा जास्त घेतले.”

“म्हणजे दुसरं कोणी नव्हतंच.”

“मागून आले होते ना काही जण. पुष्कळ आले होते.”

“ते तुम्हाला बघून आले, पप्पा. मला बघून नाही.” तिने टेप दाताने तोडली. “एक पण नव्हता?”

 ते म्हणाले, “मी जुगार नाही खेळलो गं. तुझा भाव पडू नये एवढंच. तू सारखं ते चौदा, चौदा...”

“संध्याकाळचा माल,” प्राची म्हणाली. रॅकेट तिने भिंतीला टेकवून ठेवली, आपटली नाही. आपटली असती तर बरं झालं असतं.

अरुणाताई आतून आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. “मुलीला पेटीत घालून गाळ्यावर मांडलीत,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “आता आत चला, आणि त्या लोकांना आत्ताच्या आत्ता लिहा. मी सांगते तसं.” विलासरावांनी लिहिलं, अरुणाताईंनी इंग्रजी सुधारलं. सोमवारी विलासरावांनी रणजीतलाही हाताला धरून लॅपटॉपवर त्या लोकांसमोर बसवलं. हौसेराव महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

प्राचीला काही माहीत नव्हतं, हे शेवटी मान्य झालं. पण तिथवर यायला जवळजवळ सगळा हंगाम गेला. टेनिसमध्ये गेल्या वर्षी मिळवलेले गुण यंदा त्याच आठवड्यात गळून पडतात, नवे मिळवले नाहीत तर हाती काही उरत नाही. तिच्या हाती उरलं नाही. तिला रॅकेट देणाऱ्या कंपनीने फोन उचलणं बंद केलं. विलासरावांना कित्येक वर्षांची बंदी झाली. कार्ड तर गेलंच, पण जिथे असली मॅच चालू असेल त्या आवारातसुद्धा शिरायचं नाही.

घरात प्राची त्यांच्याशी बोले, नाही असं नाही. भाजी काय आणू, गॅसवाला आला होता, एवढं बोले. जेवताना तिचे दोन्ही हात ताटावर असत.

आणि नेमकी त्या हिवाळ्यात स्पर्धा नवी मुंबईतच आली. प्राचीच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. घरची मुलगी म्हणून आयोजकांनी तिला पात्रता फेरीत जागा दिली. आपल्या गावात ती पहिल्यांदाच खेळणार होती. सोसायटीतून दोन गाड्या भरून लोक निघाले, सुमित्राबाई गॉगल लावून आल्या. विलासरावांनी भाव बघायचा मोह नको म्हणून फोन मुद्दाम घरी ठेवला, सगळे गेल्यावर मागच्या मागे निघाले आणि क्लबच्या बाहेर रस्त्यावर, शहाळेवाल्याच्या गाडीमागे जाऊन उभे राहिले.

कोर्टाभोवती जाळी, जाळीला हिरवं कापड. आतलं काही दिसत नव्हतं. बॉल आपटल्याचा आवाज आणि पंचाची हाक तेवढी येत होती.

गेटवरचा वॉचमन उरणकडचा होता. तो बराच वेळ बघत राहिला आणि मग जवळ आला. “काका, आत जावा ना. पैसं नाय लागत. कोन पन जातंय.”

“नको. इथं बरं आहे.”

“उनात कशाला उभं रातांव? आपल्या नेरूलची पोर खेलतेय म्हनं.”

“हो का?” विलासराव म्हणाले.

वॉचमनने आपली प्लॅस्टिकची खुर्ची आणून दिली. ते बसले नाहीत, तिच्या पाठीला धरून उभे राहिले. पहिला सेट ‘शेडगे’ अशी हाक आली. दुसरा गेला. तिसऱ्यात बराच वेळ बरोबरी चालली, मग पंचाने दुसऱ्या मुलीचं नाव घेतलं आणि आत थोड्या टाळ्या वाजल्या. घरच्या माणसांच्या टाळ्या, हरल्यावर वाजवतात तशा.

प्राची बाहेर आली ती एकटीच, पाठीला मोठी बॅग. शहाळेवाल्याच्या गाडीमागचे पाय तिने ओळखले.

“तुम्हाला यायचं नाही म्हटलंय ना.”

“आत नाही आलो. रस्ता सार्वजनिक आहे.” मग त्यांनी विचारलं, “बॅग घेऊ? चालतं का?”

“गेटबाहेर चालत असेल,” ती म्हणाली. पण बॅग तिने दिली नाही. आई सुमित्राबाईंबरोबर गाडीतून येणार होती. या दोघांनी रिक्षा केली.

 मग प्राची बाहेर बघत म्हणाली, “तुम्ही पूर्ण मॅच ऐकलीत?”

“पूर्ण.”

“मग एक सांगा. माझा बाप म्हणून नाही. हौसेरावांचे मेहताजी म्हणून. उद्या हीच मुलगी परत समोर आली, तर मला कितीला घ्याल?”

“असं विचारू नये, बाळा.”

तिने घामाचा टॉवेल मांडीवर पसरला आणि त्याखाली आपला उजवा हात ठेवला. विलासरावांना समजायला जरा वेळ लागला. मग त्यांनी हात आत घातला. लाडवांच्या सौद्यातला तो मऊ हात नव्हता, तळव्याला रॅकेटचे घट्टे होते. त्यांनी तिची पाचही बोटं एकदम धरली.

“पन्नास?” प्राची म्हणाली. “पप्पा, खोटा भाव नको. एकदा तरी खरा बोला.”

एलपी नाक्याच्या सिग्नलला रिक्षा थांबली. विलासरावांनी बोटं सोडली. शेजारच्या बसमधून कोणीतरी यांच्याकडे बघत होतं, त्याला दिसत होता तो एक टॉवेल. त्यांनी तिचं एक बोट धरलं. सोडलं. मग पुन्हा धरली ती चार.

प्राचीने मान हलवली. “सोलापूरला पण तेवढाच होता?”

“तेवढाच होता.”

“हे तेव्हा सांगायचंत. मी रडले असते दोन दिवस, आणि मग चौदावाली म्हणून खेळले असते. चौदावाले पण जिंकतात कधी कधी. पण मी जिंकले ते कोणासाठी, तेच आता मला कळत नाही. सर्व्हला उभी राहिले की आधी तेच डोक्यात येतं.”

विलासरावांनी धरलेली चार बोटं सोडली नाहीत. 

“प्रसाद सरांशी बोलले मी,” ती म्हणाली. “पुढच्या महिन्यापासून त्यांच्याकडे लहान मुलं शिकवणार आहे. आईला सांगितलंय. तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.”

“आणि खेळणं?”

तिने टॉवेल काढून घेतला आणि त्याची घडी केली. सिग्नल सुटला.

सोसायटीच्या दारात उतरल्यावर तिने बॅग त्यांच्याकडे दिली. त्या इमारतीला लिफ्ट नाही. बॅग जड होती, पाच रॅकेट्स होत्या आत. विलासरावांनी ती तिसऱ्या मजल्यापर्यंत नेली, मध्ये कुठेही टेकवली नाही.